‘बागेत’ आणि ‘बागेतली’

देवनहळ्ळीतल्या एका शाळेतून माझ्या मुलीची इंग्रजीची उत्तरपत्रिका घरी आली. प्रश्न होता, अधोरेखित फ्रेज कोणती ते ओळखा. वाक्य होते ‘द गर्ल इन द गार्डन सँग’, आणि रेघ होती ‘इन द गार्डन’खाली. तिने ‘प्रिपोझिशनल’ लिहिले. बाईंना ‘अ‍ॅडजेक्टिव्ह’ हवे होते. गुण शून्य.

उत्तरे दोन्ही बरोबर आहेत. रेन आणि मार्टिन यांचे 1930च्या दशकातले व्याकरण फ्रेजला तिच्या कामावरून नाव देते: नामाबद्दल सांगते, म्हणून अ‍ॅडजेक्टिव्ह. क्वर्क आणि सहकाऱ्यांचे 1985चे मोठे व्याकरण घडणीवरून नाव देते: ‘इन’वर उभी, म्हणून प्रिपोझिशनल. वर्गात या दोन पद्धतींची खिचडी होते आणि चटका मुलांना बसतो.

माझा खरा राग पुढेच आहे. यातला कामाचा भेद मुलीला शाळेत जाण्याआधीपासून येतो. ‘मुलगी बागेत गायली’ आणि ‘बागेतली मुलगी गायली’ यांत तिची कधी गफलत होत नाही. इंग्रजीत दोन्हीकडे ‘इन द गार्डन’च, मराठीत ‘बागेत’चे ‘बागेतली’ होते, मुलगा असेल तर ‘बागेतला’. शेजारच्या बाकावरच्या कन्नड मुलालाही ‘तोटदल्लि’ आणि ‘तोटदल्लिरुव हुडुगि’ यांतला फरक घरीच मिळाला आहे. मग या भाषा वर्गाच्या दाराबाहेर चपलांसारख्या का काढून ठेवायच्या?

म्हणतील, भाषांतराच्या सवयीने इंग्रजी बिघडते. बोलताना बिघडते, मान्य. आपला शब्दक्रम तिथे घुसतो. पण फ्रेज ओळखणे हे बोलणे नव्हे, ते पृथक्करण आहे, आणि त्याला तुलनेसारखे हत्यार नाही. ‘आय सॉ द मॅन विथ द टेलिस्कोप’ या वाक्यात दुर्बीण कोणाकडे? व्याख्या घोकून हे कळत नाही. मराठीत सांगायला बसा: ‘दुर्बिणीतून माणूस पाहिला’ की ‘दुर्बीणवाला माणूस पाहिला’? एक निवडावेच लागते, आणि फ्रेज काय काम करते ते उघडे पडते.

बाईंनी दोनच गोष्टी कराव्यात. इंग्रजी वाक्याखाली मुलांना घरच्या भाषेत तेच वाक्य लिहू द्यावे. आणि प्रश्नात घडण विचारली आहे की काम, हे स्पष्ट सांगावे. तोवर ते शून्य माझ्या मुलीचे नाही, प्रश्नाचे आहे.