बोलका संगणक घरातच आहे!

दृष्टी अधू झाली की माणसाचे वाचन आधी सुटते. वर्तमानपत्र बाजूला पडते, पत्रे दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागतात, बँकेचा हिशेबही मुला-सुनांच्या तोंडून ऐकावा लागतो. घरात संगणक असला तरी 'त्यांना तो काय उपयोगाचा?' असे सगळे गृहीत धरतात. खरे तर तोच संगणक त्यांना वाचून दाखवू शकतो.

उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांची दृष्टी वयाच्या सहाव्या वर्षी गेली. दादरच्या अंधशाळेत शिकून त्या मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात आणि पुढे दिल्लीच्या जेएनयूमध्ये गेल्या. पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणाऱ्या 'जॉज' या सॉफ्टवेअरच्या मदतीने त्यांनी अभ्यास केला. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेच्या २०१६ मध्ये लागलेल्या निकालात त्यांचा क्रमांक ७७३ वा होता. पुढच्याच वर्षी त्या १२४ व्या आल्या आणि प्रशासकीय सेवेत दाखल झाल्या.

'जॉज' महाग आहे, सर्वसामान्य घराला ते परवडत नाही. पण आता विकत काही घेण्याची गरज राहिलेली नाही. विंडोजमध्ये 'नॅरेटर' २००० सालापासून, तर अ‍ॅपलच्या संगणकात 'व्हॉइसओव्हर' २००५ पासून आधीच बसवलेले असते. अनेक घरांना ते ठाऊकच नसते, इतकेच.

सुरू कसे करावे?

विंडोज १० किंवा ११ असल्यास कंट्रोल, विंडोज आणि एंटर या तीन कळा एकदम दाबा, संगणक बोलू लागेल. पुन्हा त्याच कळा दाबल्या की बंद होईल. मधेच गप्प करायचे असेल तर नुसती कंट्रोल दाबावी. अ‍ॅपलच्या संगणकावर कमांड आणि एफ ५ या कळा हेच काम करतात.

थोडे दिसत असेल तर विंडोज आणि अधिक चिन्हाची कळ दाबून पडदा मोठा करता येतो. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे घेण्याचीही सोय आहे. अनेकांच्या डोळ्यांना त्याने आराम पडतो.

माऊसची गरज पडत नाही. एफ आणि जे या कळांवर बारीक उंचवटे असतात. त्यांवर तर्जनी ठेवली की बाकीच्या कळा सरावाने सापडतात.

मराठीचे काय?

ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या अंध तरुणाने २००६ मध्ये 'एनव्हीडीए' हे विनामूल्य सॉफ्टवेअर सुरू केले आणि जेम्स टेह हा दुसरा अंध तरुण त्याला येऊन मिळाला. त्याच्यासोबत येणारा 'ई-स्पीक' मराठी वाचतो, तमिळही वाचतो. घरात मराठी आणि बाहेर तमिळ बोलणाऱ्या तंजावर-कुंभकोणमकडच्या मराठी कुटुंबांनाही तो उपयोगी पडेल. आवाज यांत्रिक वाटतो, पण चार दिवसांत कान सरावतो.

एक अडचण मात्र आपणच निर्माण करतो. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मराठी मजकूर डोळ्यांना नीट दिसतो, पण संगणकाला तो निरर्थक इंग्रजी अक्षरांसारखा वाटतो. लग्नपत्रिकेचा किंवा सोसायटीच्या नोटिशीचा फोटो पाठवला, तर त्यातला मजकूरही बहुधा वाचला जात नाही. म्हणून मजकूर युनिकोडमध्ये टाइप करून पाठवावा.

सुरुवातीला भरभर बोलणारा आवाज ऐकून आजी-आजोबा गोंधळतील, 'नको रे बाबा' म्हणतील. अशा वेळी वेग कमी करून ठेवा आणि रोज अर्धा तास शेजारी बसा. मात्र त्यांच्या वतीने कळा दाबू नका. स्वतःचे पत्र स्वतः वाचता येणे म्हणजे काय, हे ज्याला वर्षानुवर्षे दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागले, त्यालाच विचारावे.