एका चेंडूमागे एक तास

आधीच सांगून टाकते. माझं शिक्षण बालवाडीपासून कॉन्व्हेंटमध्ये झालंय. मराठीत पत्र सोडून एवढं मोठं काही लिहायची ही पहिलीच वेळ. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सांभाळून घ्या!

मी वाणगावची. कॉलेजात पहिल्या दिवशी ओळख करून देताना हे सांगितलं की समोरचा विचारतो, "हे कुठे आलं?" मग मी म्हणते, "डहाणूच्या एक स्टेशन अलीकडे." पण समोरचा क्रिकेटवेडा असला तर त्याचा चेहरा एकदम खुलतो. "म्हणजे शार्दूल ठाकूरकडची!" शार्दूल पालघरचा. वाणगावहून बोईसर, उमरोळी आणि मग पालघर, तिसरं स्टेशन. त्यानंतर न चुकता ट्रेनची गोष्ट निघते. खांद्यावर किटबॅग, गच्च भरलेली गाडी, पालघर ते मुंबई आणि परत. २०१८ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावरून आल्यावरसुद्धा पठ्ठ्या अंधेरीहून ट्रेन पकडूनच घरी गेला. आणि शेवटी ते ठरलेलं वाक्य येतं, "बघ, जिद्द पाहिजे!"

मलाही ही गोष्ट आवडायची. गेल्या वर्षीपर्यंत.

गेल्या वर्षी माझा धाकटा भाऊ शाळेच्या क्रिकेट संघात निवडला गेला. तेव्हा तो आठवीत होता. भातकापणी झाली की आमच्याकडे शेतातच पीच तयार होतं, तिथे टेनिस बॉलने शिकलेला हा मुलगा. शाळा बोईसरला, सामने मुंबईत आणि सिझन बॉलचा चांगला सराव हवा म्हणून शनिवार-रविवार बोरिवलीला. बाबा एमआयडीसीत शिफ्टला, त्यामुळे मला हॉस्टेलवरून सुट्टी मिळाली की सोबत जायची जबाबदारी माझी. पहाटेची गाडी पकडायची, विरारला बदलायची. किटबॅग घेऊन डब्यात शिरलं की चारी बाजूंनी बोलणी, "अरे, ती बॅग कुठे घुसवतोयस?" परत येताना पोरगं दाराजवळ बॅगेवर बसून झोपायचं आणि मी त्याची कॉलर धरून उभी.

इंजिनीअरिंगची मुलगी म्हटल्यावर मी गप्प कशी बसणार? जर्नलच्या मागच्या पानावर मी त्याच्या सीझनचा हिशोब ठेवला होता. बोरिवलीच्या ४२ फेऱ्या, गाडीची वाट बघण्यासकट प्रत्येकी साडेचार तास, म्हणजे १८९ तास. मुंबईतल्या मैदानांवर चार सामने, येण्याजाण्यात प्रत्येकी साडेसहा तास, म्हणजे २६ तास. एकूण २१५ तास प्रवास. आणि चार सामन्यांत मिळून भावाने टाकलेली षटकं? एकतीस. म्हणजे १८६ चेंडू.

एका चेंडूमागे एक तासाहून जास्त ट्रेन!

मे महिन्यात बोरिवलीच्या एका शाळेतल्या कोचने बाबांना सांगितलं की मुलात वेग आहे, नववीला आमच्या शाळेत घाला, लोकांच्या नजरेत येईल. घरात आठवडाभर तोच विषय. आईचा एकच प्रश्न, "राहील कुठे?" काका म्हणाले, "राहायचं कशाला? शार्दूलने ट्रेनने केलंच ना? याला काय धाड भरलीय?" मला विचारलं तेव्हा मी 'नको' म्हणाले. भाऊ माझ्याशी दोन दिवस बोलला नाही.

मग मी शार्दूलची गोष्ट नीट वाचून काढली, आणि लक्षात आलं की आपण ती अर्धीच सांगतो. तो पालघरकडच्या शाळेकडून खेळत असताना बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद इंटरनॅशनल स्कूलच्या दिनेश लाड सरांनी त्याला हेरलं. रोहित शर्माला घडवणारे ते हेच सर. त्यांनी त्याला आपल्या शाळेत बोलावलं. घरच्यांची तयारी नव्हती, दहावीचं वर्ष आणि एवढा लांबचा प्रवास. तेव्हा विरारच्या पुढे लोकलसुद्धा नव्हती, डहाणू लोकल आली ती एप्रिल २०१३ मध्ये. मग सरांनी काय केलं? मुलाला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं! त्यानंतर २००६ मध्ये शार्दूलने हॅरिस शील्डमध्ये एका षटकात सहा षटकार मारले. आणि जानेवारी २०२१ मध्ये ब्रिस्बेनच्या कसोटीत सात बळी आणि ६७ धावा.

म्हणजे जिद्द होतीच, कोण नाही म्हणतंय? पण त्या वर्षी त्याच्यात आणि मैदानात ट्रेन नव्हती. लाड सरांच्या घरी ज्या कुणी रोज दोन पोळ्या जास्त लाटल्या, त्यांचं नाव या गोष्टीत कुणीच घेत नाही.

आणखी बघा. पृथ्वी शॉ विरारचा. वडील पहाटे त्याला घेऊन वांद्र्याला जायचे. पुढे एका स्थानिक नेत्याने सांताक्रूझच्या बाजूला राहायला घर दिलं. २०१३ मध्ये हॅरिस शील्डमध्ये ५४६ धावा. यशस्वी जैस्वाल उत्तर प्रदेशातल्या भदोहीहून आलेला, आझाद मैदानावर तंबूत राहायचा. ज्वाला सिंग सरांनी त्याला स्वतःच्या घरी नेलं. तीन मुलं, तीन गोष्टी, पण प्रत्येकीत कलाटणी एकाच जागी आहे. कुणीतरी मैदानाजवळ राहायला जागा दिली. हॅरिस शील्ड १८९७ पासून चालू आहे. सव्वाशे वर्षं जुनी स्पर्धा, आणि लांबच्या मुलाने कुठे राहायचं याचं उत्तर अजूनही 'नशीब' हेच!

माझी मावशी कॅनडात किचनरला असते. तिच्या शेजारच्या घरात दर वर्षी सोळा-सतरा वर्षांचा एखादा परका मुलगा राहायला येतो. मावशीला आधी वाटलं नातेवाईक असेल. नंतर कळलं की तो तिथल्या किचनर रेंजर्स या ज्युनिअर आइस हॉकी संघाचा खेळाडू. ओन्टारियो हॉकी लीगमध्ये साधारण सोळा ते वीस वयाची मुलं खेळतात. सप्टेंबरच्या अखेरीपासून मार्चपर्यंत एकेका संघाचे ६८ सामने! मुलं लांबलांबच्या गावांतून निवडलेली, म्हणून संघच त्यांच्यासाठी गावात घर शोधतो. अशा घराला ते 'बिलेट' म्हणतात. जेवणखाणासाठी त्या कुटुंबाला संघ दरमहा पैसे देतो. मुलगा स्थानिक शाळेत जातो, आणि खेळलेल्या प्रत्येक सीझनमागे पुढे एका वर्षाचा कॉलेजचा खर्च लीगकडून मिळतो. मावशी म्हणते, "अगं, त्या बाई त्याचा अभ्याससुद्धा घेतात!"

तिकडे सगळं गोडगोड आहे असं नाही. त्या पोरांचा निम्मा सीझन बसमध्येच जातो. ६ एप्रिल २०१८ ला सस्कॅचवान प्रांतात हम्बोल्ट ब्रॉन्कोज या ज्युनिअर संघाची बस सामन्याला जाताना ट्रकला धडकली आणि १६ जण गेले. देशभर लोकांनी दाराबाहेर हॉकी स्टिक उभ्या करून ठेवल्या होत्या. हे वाचताना मला भाऊ आठवला, दाराजवळ बॅगेवर झोपलेला. मुलांना खेळासाठी इतकं फिरवायचं असेल तर त्यांची काळजीही कुणाची तरी ठरलेली जबाबदारी हवी. तिकडे निदान ते कागदावर तरी आहे.

आता कुणी म्हणेल, कॅनडा श्रीमंत देश, आपल्याला कसं परवडणार? पण आपल्याला ही कल्पना नवीन आहे का? माझंच उदाहरण घ्या. बारावीनंतर इंजिनीअरिंगला नंबर लागला, तेव्हा घरात 'राहील कुठे' यावर एक संध्याकाळसुद्धा चर्चा झाली नाही. हॉस्टेलचा फॉर्म भरला, गादी घेतली, मोकळे! 'रोज ट्रेनने जा, जिद्द पाहिजे' असं मला काकासुद्धा म्हणाले नाहीत. शिक्षणासाठी आपल्याकडे वसतिगृह असतं आणि खेळासाठी मात्र त्याग असतो. राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनींत काही खेळांसाठी मुलांच्या राहण्या-शिकण्याची सोय आहेच. म्हणजे जमतं, फक्त ठरवावं लागतं.

माझ्या मते दोन गोष्टी सहज होण्यासारख्या आहेत. एक, शालेय स्पर्धेतले काही सामने आमच्याकडे खेळवा. पालघर-बोईसर पट्ट्यात मैदानं आहेत, माणसं आहेत. मुंबईच्या शाळेच्या पोरांनी सीझनमधून एकदा डहाणू लोकल पकडली तर काही बिघडत नाही. उलट कळेल तरी, सकाळचा सामना म्हणजे आमच्यासाठी किती वाजताचा गजर! दोन, लांबचा मुलगा बोलावणाऱ्या शाळेने किंवा क्लबने त्याच्या राहण्याची जबाबदारी लेखी घ्यावी. आई-वडिलांना फोन नंबर, घराचा पत्ता आणि उत्तर देणारं एक माणूस मिळालं पाहिजे. मुलींच्या बाबतीत तर हे आधी पाहिजे. चौदा वर्षांच्या मुलीला 'कुणाच्या तरी घरी' कोण पाठवेल? माझ्या वर्गातली आमच्या शाळेची सगळ्यात चांगली बॅट्समन ही मुलगी होती. दहावीनंतर तिने बॅट हातात धरली नाही.

आता शेवट सांगते, म्हणजे तुम्ही मला ढोंगी म्हणायला मोकळे. हे सगळं हॉस्टेलवर रात्री बडबडत होते, तर माझी रूममेट म्हणाली, "आमचं घर बोरिवलीलाच आहे, थांब." तिने आईला फोन लावला. काकूंनी एवढंच विचारलं, "तिखट खातो का गं तो?" वाणगावचा मुलगा, मिरचीच्या शेतांमधला, आणि तिखट खातो का! आता तो शाळा बदलणार नाही, पण सरावाच्या शनिवारी आणि सामन्याच्या आदल्या रात्री त्यांच्याकडे झोपतो. तिथून दोन दिवसांत दोनच प्रवास. माझा 'नको' मी मागे घेतला. भाऊ बोलायला लागला, जरा जास्तच बोलतो.

म्हणजे आम्हालाही आमचे लाड सर भेटले, आणि तेही नशिबानेच. नेमकं हेच मला खटकतं. त्याच्याच संघातला स्पिनर तारापूरचा आहे. त्याच्या ताईची रूममेट बोरिवलीची नाही, कारण त्याला ताईच नाही. तो अजून पहाटेच्या गाडीत असतो.

म्हणून पुढच्या वेळी कुणी शार्दूलची गोष्ट सांगितली, तर 'जिद्द पाहिजे'च्या आधी एक प्रश्न विचारा, तो राहिला कुठे? आणि तुमच्यापैकी कुणाचं घर मैदानाजवळ असेल, एखादी खोली शनिवारी रिकामी असेल, तर मला भेटा. मी तिसऱ्या वर्षाला, मेकॅनिकलला. तारापूरचा तो मुलगा तिखट खातो, मी आधीच विचारून ठेवलंय!