वयात येण्याची मुदत

तरुण मनाची घडण रंगविणे हे कादंबरीचेच काम, लघुकथेच्या तोकड्या अवकाशात ते मावणे अशक्य, हे मत आपल्या समीक्षेत इतक्या निर्धास्तपणे वावरत असते की त्याच्याकडे सनद मागावी असे सहसा कोणाच्या मनातही येत नाही. या पक्षाचा आवडता दाखला म्हणजे भालचंद्र नेमाड्यांची १९६३ सालची ‘कोसला’. खानदेशातून पुण्यास शिकावयास आलेला पांडुरंग सांगवीकर उधळतो, विटतो आणि रित्या हाताने गावी परततो. या संथ पडझडीस पानांचा ऐसपैस विस्तार हवाच, आणि नेमाड्यांनी तो ज्या सामर्थ्याने वापरला त्याविषयी आमची काहीच तक्रार नाही. तक्रार आहे ती त्या एका उदाहरणावरून कायदा करण्याविषयी. पांडुरंगास भरकटण्याची मुदत मिळते, कारण त्याच्या पाठीशी वडिलांची शेती आणि त्यांचा पैसा असतो. ज्याच्या घरी ही शिल्लक नाही, त्याचे बालपण बहुधा एखाद्या बाजाराच्या दिवशीच जप्त होते, आणि त्या जप्तीच्या पंचनाम्यास कथेहून समर्पक आकार दुसरा नाही.

भास्कर चंदनशिवांच्या ‘लाल चिखल’मधील पोरगा बापाबरोबर टोमॅटो विकावयास बसतो, भाव कोसळताना पाहतो, आणि अखेर आपल्याच कष्टाचा माल पायांखाली तुडविणारा बाप त्याला पाहावा लागतो. यात पाचशे पानांची भर घालून नेमके काय वाढले असते, हे विरुद्ध पक्षाने एकदा सांगावे.

दुसरा आक्षेप अधिक सोज्ज्वळ दिसतो: कोवळे मन सर्वत्र एकच, जातिप्रांताचा तपशील हा केवळ समाजशास्त्राचा दस्तऐवज. मग उर्मिला पवारांची ‘कवच’ ही कथा ‘लाल चिखल’शेजारी ठेवून पाहावी. येथेही बाजारच आहे आणि येथेही पोरगाच. पण हा बाजार कोकणातला, आंबे विकणारी आई, आणि तिच्या मालावरून तिच्यावरच होणारी द्व्यर्थी, ओंगळ थट्टा. तो पोरगा शरमेने जळतो, आईवरच रुसतो, आणि ज्या धारदार जिभेची त्याला लाज वाटत होती तीच तिची ढाल आहे हे त्याला उशिरा उमगते. पहिल्या पोराला बापाची अगतिकता कळली, दुसऱ्याला आईचे बळ. ही दोन ज्ञाने ‘कोवळे मन’ या एकाच खात्यावर मांडावयाची, तर हिशेबनीस मोठाच धाडसी असला पाहिजे! तपशील वगळला की कथेचा गाभाच नाहीसा होतो. बाबुराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’तील, रेल्वेत नोकरीस लागलेल्या तरुणाच्या मनातून उघडकीचे भय काढून घेतले, तर मागे उरते ती बिऱ्हाड शोधण्याची एक हकीकत. त्याच नावाचा हा कथासंग्रहही १९६३चाच, हे ‘कोसला’च्या भक्तांना सहसा स्मरत नाही.

प्रकाश नारायण संतांचा लंपन मात्र आमच्या पक्षाचीही अडचण करतो, हे मान्य केले पाहिजे. सीमाभागातल्या कानडी हेलाच्या मराठीत, आजीआजोबांच्या मायेत तो सावकाश वाढतो. त्याला मुदतीची वाण नाही. तरीही संतांनी ‘वनवास’पासून ‘झुंबर’पर्यंत चार संग्रह लिहिले, कादंबरी लिहिली नाही. या कथा म्हणजे विस्कटलेली कादंबरीच, असे म्हणून लंपनला आपल्या दप्तरी दाखल करून घेण्याचा मोह कादंबरीवाद्यांना होतो. पण त्यातली प्रत्येक कथा आपल्यापुरती मिटते, आणि तिच्यातल्या लंपनला पुढच्या कथेत काय वाढून ठेवले आहे याची वार्ताही नसते. कादंबरीकाराला हे अज्ञान इतक्या वेळा, इतके ताजे राखता आले असते असे आम्हांस वाटत नाही.