पर्समधली मंजिरी

मैत्रिणींनो, प्रवासाला निघताना कुणी हातावर दही-साखर ठेवतं. आमच्या जाऊबाईंनी जोहान्सबर्गहून निघताना माझ्या पर्समध्ये आपल्या कुंडीतल्या तुळशीच्या दोन मंजिऱ्या टाकल्या. ‘असू देत गं बरोबर,’ म्हणाल्या. त्या मंजिऱ्यांनी मला केवढा धडा शिकवला, तेच आज सांगायचे आहे.

दीर तिकडे नोकरीला, म्हणून सेंट हेलेना बेट पाहण्याचा योग आला. अटलांटिक महासागरात, आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून सुमारे १९०० किलोमीटरवर ज्वालामुखीतून वर आलेले हे बेट. क्षेत्रफळ जेमतेम १२२ चौरस किलोमीटर, वस्ती साडेचार हजारांच्या आतबाहेर. २०१७ साली विमाने सुरू झाली. त्याआधी बोटीवाचून गत्यंतर नव्हते.

विमानतळावर विचारणा झाली, ‘फळं, बियाणं, मध काही आहे का?’ मी बिनदिक्कत ‘नाही’ म्हटले, आणि पर्समधून मंजिऱ्या निघाल्या! तिथल्या बाईंनी हसतमुखाने, पण त्या काढूनच घेतल्या. मला फार लागले. तुळस ती! ती कुणाचे काय वाईट करणार? रात्रभर मनात खुपत राहिले.

दुसऱ्या दिवशी बेट पाहायला निघालो. गाडी चालवणारे गृहस्थ तिथलेच, साठीचे आणि मोठे बोलघेवडे. दोन डोंगरांच्या चिमटीत जेम्सटाउन गाव, आणि कड्यावर सरळ चढत गेलेल्या ६९९ पायऱ्या. ह्यांनी चढायची पैज मारली आणि शंभराव्या पायरीवर ‘गाडी बरी’ म्हणून परतले!

लाँगवुडला नेपोलियनचे घर पाहिले. १८१५ साली इंग्रजांनी त्याला इथे आणून ठेवले, आणि १८२१ साली इथेच तो गेला. १८४० साली त्याचा देह पॅरिसला नेला. दरीतल्या रिकाम्या थडग्यावर नावच नाही. काय लिहावे यावर इंग्रज आणि फ्रेंच यांचे एकमत झाले नाही म्हणे! जवळच्या माळावर काटकुळ्या पायांचा एक पक्षी तुरुतुरु पळत होता. तो वायरबर्ड. फक्त याच बेटावर असणाऱ्या जमिनीवरच्या पक्ष्यांपैकी तेवढाच आता उरला आहे.

गव्हर्नरच्या बंगल्याच्या आवारात जोनाथन नावाचे कासव पाहिले. १८८२ साली सेशेल्सहून आणले, तेव्हाच ते पन्नाशीचे असावे असे मानतात. मोतीबिंदूने दृष्टी गेलेली, वासही येत नाही, म्हणून त्याला हाताने गाजर-काकडी भरवतात. मला घरच्या सासूबाईंची आठवण झाली.

पुढे डोंगर चढू लागलो तशी दोन्ही बाजूंना घायपातासारख्या हिरव्यागार पात्यांची दाटी लागली. ‘काय सुरेख!’ मी म्हटले. गाडीवाले म्हणाले, ‘हे फ्लॅक्स आमचे नाही, न्यूझीलंडचे. दोरासाठी लावले.’ ब्रिटिश टपालखाते गठ्ठे बांधायला तो दोर घेई. कृत्रिम दोर आला आणि १९६६ साली शेवटचा कारखाना बंद पडला. कामगार घरी बसले, पण झाडे राहिली ती राहिलीच. त्यांनी मूळच्या झाडांची जागा व्यापली.

‘त्याच्याही आधी बकऱ्या आल्या,’ असे म्हणून त्यांनी जी गोष्ट सांगितली, ती थेट आपल्या गोव्याची निघाली. फर्नांव लोपिश हा पोर्तुगीज शिपाई गोव्यात आपल्या लोकांना सोडून विरुद्ध बाजूला मिळाला. १५१२ साली बाणास्तरीचा किल्ला पडल्यावर आल्बुकर्कने त्याला जीवदान दिले, पण नाक, कान, उजवा हात आणि डाव्या हाताचा अंगठा तोडून! पोर्तुगालला बायको-मूल असूनही त्या चेहऱ्याने घरी जाणे त्याला झाले नाही. परतीच्या वाटेवर तो या निर्मनुष्य बेटावर उतरून राहिला. येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांवरचे लोक दयेने बियाणे, कोंबड्या, बकऱ्या ठेवून जात. तिकडे वाट पाहणाऱ्या त्या बायकोला मात्र या गोष्टीत कुठे जागाच नव्हती. माझ्या ते मनात राहून गेले.

पोर्तुगीजांनी सोडलेल्या बकऱ्यांचे पुढे कळपच्या कळप झाले. त्यांनी कोवळी रोपे वाढूच दिली नाहीत. जगात फक्त इथेच होणारे, ज्याला ऑलिव्ह म्हणत, ते झाड २००३ साली कायमचे संपले. बकऱ्या आणणाऱ्यांच्या मनात काय वाईट होते? मला माझ्या मंजिऱ्या आठवल्या आणि मी गप्प झाले.

शेवटी त्यांनी एका बागेत गाडी थांबवली. पांढऱ्या फुलांचे, कमरेएवढेही नसलेले झुडूप. पांढरे फूल जुने होताना गुलाबी होते. हे इथले एबनी. शंभराहून जास्त वर्षे ते नामशेष झाले असे सारे धरून चालले होते. १९८० साली बकऱ्यांनाही न पोचता येणाऱ्या कड्यावर दोनच झुडपे सापडली. त्यांच्या फांद्या लावून लावून आज हजारो रोपे झाली आहेत. जाईजुईच्या फांद्या तर आपणही लावतो. मला अगदी घरच्यासारखे वाटले.

जोहान्सबर्गला परतल्यावर जाऊबाईंनी पहिले विचारले, ‘मंजिऱ्या होत्या ना जवळ?’ चहा पिता पिता सगळी हकीगत सांगितली. तुळशीला बकऱ्यांच्या पंगतीला बसवले म्हणून आधी चांगल्याच रागावल्या. मग थोड्या वेळाने म्हणाल्या, ‘दोनच झुडपं उरली होती, नाही का गं?’

तेव्हा मैत्रिणींनो, परदेशी निघताना पर्स झटकून पाहा, चपला-बुटांच्या तळाची माती धुऊन काढा, आणि विचारतील त्याचे नीट उत्तर द्या. दही-साखर मात्र घरी खाऊनच निघा!