आधी जालन्याचा खटला वाचा
कायदा आणि तंत्रज्ञान या विषयात एलएलएम करू पाहणाऱ्या मुलामुलींना मी आधी जालन्याचा खटला वाचायला सांगतो. २०१४ची विधानसभा निवडणूक. अर्जुन खोतकर अवघ्या २९६ मतांनी निवडून आले आणि हरलेल्या कैलास गोरंट्याल यांचं म्हणणं असं की, खोतकरांचा उमेदवारी अर्ज दुपारी तीनची मुदत टळल्यावर दाखल झाला. पुरावा काय, तर निवडणूक कार्यालयातलं व्हिडिओ चित्रीकरण. सीडी मिळाल्या, पण इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं, पुरावा कायद्याच्या कलम ६५ बचं प्रमाणपत्र वारंवार मागूनही मिळेना. जुलै २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला: मूळ उपकरण कोर्टापुढे आणलं नसेल तर प्रमाणपत्र हवंच, मात्र ते मिळवण्यासाठी ज्यानं सारी खटपट केली, त्याचं त्यापायी नुकसान नको. त्या पुरावा कायद्याच्या जागी १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात तर फाइलची हॅश व्हॅल्यूही लिहावी लागते आणि दुसरा भाग तज्ज्ञानं भरायचा असतो. फाइलमधलं एक अक्षर बदललं, तरी हॅश व्हॅल्यू म्हणजे ही अंक-अक्षरांची ओळ पार बदलते. हे स्वतः संगणकावर करून न पाहता, नुसती कलमं पाठ करून मिळालेली पदव्युत्तर पदवी माझ्या मते अपुरीच; उलटतपासणीत तज्ज्ञाला विचारणार तरी काय? म्हणून प्रवेश घेण्याआधी हा विषय शिकवणाऱ्या विभागात जाऊन एवढं जरूर विचारा: इथे प्रयोगशाळा आहे का, आणि वकिलांच्या जोडीला संगणकातलं जाणणारं कुणी शिकवायला येतं का?