हक्काची मदत, पण मागायची कोणी?

भोकरदन तालुक्यातील हसनाबादसारख्या गावात उद्या एखाद्या शेतमजुरावर प्राणघातक हल्ला झाला, तर कायद्याची चाके आपल्या गतीने फिरू लागतील. पंचनामा होईल, आरोपपत्र सादर होईल, साक्षीदार टिकले तर आरोपीस शिक्षाही होईल. परंतु तोवर त्या मजुराच्या घरची चूल कोणी पेटवावयाची, याची नोंद खटल्याच्या कागदांत आढळत नाही.

कायद्यास हा प्रश्न ठाऊकच नाही, असे मात्र नव्हे. गुन्हेगाराच्या दंडातून भरपाई देण्याची सोय १८९८ च्या संहितेतही होती. पण गुन्हेगारच निष्कांचन असेल, किंवा सापडलाच नसेल, तर? न्यूझीलंडने १९६३ साली कायदा करून हा भार सरकारी तिजोरीवर घेतला. आपल्याकडे त्यासाठी २००८ ची कायदादुरुस्ती उजाडावी लागली, आणि महाराष्ट्राची योजना २०१४ साली आली. आज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ३९६ व्या कलमान्वये, गुन्हेगाराचा माग न लागता खटला उभा राहिला नाही तरी, पीडितास वा त्याच्या आश्रितांस विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. चौकशी दोन महिन्यांत पुरी करावयाची असते. पोलिस ठाण्याच्या प्रमुखाच्या दाखल्यावरून तातडीच्या मोफत उपचाराचा आदेशही प्राधिकरणास देता येतो.

तरतूद उत्तम आहे. पण ती ज्याच्यासाठी केली, त्याच्या कानी ती घालावयाची कोणी? अंथरुणास खिळलेल्या माणसाने कलमे धुंडाळीत जालन्याची वाट धरावी, अशी अपेक्षा बाळगणे हा न्याय नव्हे.

अशाने खोटे दावे वाढतील, असा आक्षेप घेतला जाईल. पण खऱ्याखोट्याची निवड करण्यासाठीच तर चौकशी सांगितली आहे. शिवाय हे दान नव्हे. सूड घेण्याचा अधिकार नागरिकांकडून काढून घेऊन राज्याने रक्षणाची हमी दिली आहे. ती जेथे फसली, तेथे भरपाई हे राज्याचे देणे ठरते. महाराष्ट्रातीलच एका खटल्यात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने, प्रत्येक फौजदारी प्रकरणात भरपाईचा विचार करणे हे न्यायालयांचे कर्तव्य आहे, असे बजावले आहे.

हेच कर्तव्य पोलिस ठाण्याच्या पायरीपासून सुरू व्हावे, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. फिर्याद नोंदविताच भरपाईचा अर्ज तेथेच भरून घ्यावा व तो प्राधिकरणाकडे पोहोचविण्याची जबाबदारी ठाण्याने उचलावी. त्यास नव्या कायद्याची गरज नाही. सरकारचा एक सक्त हुकूम पुरेसा आहे. आरोपीच्या मागे धावणाऱ्या शासनाने जखमीच्या दारीही एकदा जावे, एवढेच मागणे आहे.