‘टू पाय’ म्हणणाऱ्या पोरांचा दोष नाही

बारावीच्या वर्गात पाय वर्गाचं डेरिव्हेटिव्ह विचारा. हुशार म्हणवणारी पोरंही झटक्यात ‘टू पाय’ म्हणतात. लॉग दोनचं? एक छेद दोन. आणि कॉन्स्टंटचं डेरिव्हेटिव्ह शून्य, हे याच पोरांना झोपेतून उठवून विचारलं तरी येतं.

सांगलीत मी अकरावी-बारावीला गणित शिकवते. माझ्या मते यात दोष आम्हा शिकवणाऱ्यांचा. सूत्रांच्या तक्त्यातली ती पहिली ओळ ‘हे सोपंय’ म्हणून आम्ही ओलांडतो. सीईटीत नव्वद मिनिटांत पन्नास गणितं सोडवायची, मग व्याख्येवर तास कोण घालवणार?

घालवावा. फंक्शन सगळीकडे पाचच असेल, तर एक्सपाशी पाच आणि एक्स अधिक एचपाशीही पाच. वजाबाकी शून्य. ‘मॅडम, म्हणजे शून्य भागिले शून्य?’ हा प्रश्न येतोच, यायलाच हवा. एच शून्याजवळ सरकतो, पण शून्य होत नाही. शून्याला कितीही बारक्या एचनं भागा, हाती शून्यच.

मी वर्गात महावितरणचं बिल नेते. पंखा लावा नाहीतर घर बंद ठेवा, त्यातला स्थिर आकार चुकत नाही. एक युनिट जादा जाळलं तर बिल कितीनं वाढेल, या हिशेबात मात्र तो कुठेच येत नाही; तिथे लागतो फक्त युनिटचा दर. म्हणून बेरजेतला पाच जातो, पाच एक्समधला राहतो. (शंभर युनिटं ओलांडली की दरच बदलतो, तिथे एकच उतार सांगता येत नाही. तो वेगळा तास.) एकदा एका मुलीनं विचारलं, ‘पण स्थिर आकारही वाढतो की, मग स्थिर कसला?’ अगदी बरोबर. युनिटच्या हिशेबानं स्थिर, वर्षांच्या हिशेबानं नाही. कशाच्या सापेक्ष, हे विचारल्याशिवाय कॉन्स्टंट ठरतच नाही, आणि तक्त्यात नेमकं तेच कुणी वाचत नाही.

बोर्डानं दोन मार्कांना एवढंच विचारावं: एमएक्स अधिक सी, एकदा एक्सच्या सापेक्ष, एकदा एमच्या. तपासायलाही सोपं. पहिल्याचं उत्तर एम, दुसऱ्याचं एक्स, सी दोन्हीकडे गायब.